काळी चार, नायलॉनच्या तारा आणि न जुळणारा कॅपो

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मुलुंडला राहणाऱ्या एक ४६ वर्षांच्या वाचक भगिनी दोन वर्षांपासून गिटार शिकत आहेत. गिटार धाकट्या भावाची, नायलॉनच्या तारांची आहे; नोकरीसाठी परदेशी जाताना त्याने ती जपून वापरायला सांगून त्यांच्याकडे ठेवली. सोसायटीच्या गणेशोत्सवातला भावगीतांचा कार्यक्रम सहा आठवड्यांवर आला असून त्यांना पेटीबरोबर गिटारची साथ करायची आहे. गाणाऱ्या काकूंचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, आणि दुसऱ्या गायक गृहस्थांचा काळी दोन. त्यासाठी त्यांनी ऑनलाइन स्प्रिंगचा कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून गिटारचा सूर चढवणारा चिमटा, मागवला; पण पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) तो लावला की मधल्या दोन तारा खरखरतात आणि कडेच्या तारा पेटीपेक्षा चढ्या लागतात. त्यांचे सर म्हणतात, कॅपो ही कुबडी आहे, बार कॉर्ड (पहिले बोट सगळ्या तारांवर आडवे दाबून धरायचे कॉर्ड) शिका. एका शेजाऱ्यांच्या मते कॅपोने गिटारची मान वाकते. आणि बार कॉर्डचा सराव केला की त्यांचे मनगट दुखते. महागडा कॅपो घ्यावा की कॅपोचा विचारच सोडावा, असे त्या विचारतात.

ताई,

तुम्ही दोनच वाटा समोर ठेवल्या आहेत: पैसे खर्च करून चांगला कॅपो घ्यायचा, नाहीतर तो सोडून द्यायचा. पण तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला या दोन्हींपेक्षा महत्त्वाची वाटते. खरखरतात त्या तारा मधल्या, आणि चढतात त्या कडेच्या. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत असे तुम्ही धरले आहे, आणि म्हणूनच सगळा दोष कॅपोच्या स्वस्तपणावर टाकला आहे. माझ्या मते दोन्हींचे कारण एकच आहे आणि त्याचा किमतीशी फारसा संबंध नाही.

लोखंडी तारांच्या गिटारचा फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची तारांखालची पाटी, सहसा किंचित फुगीर असतो. मधला भाग कडांपेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो, डोळ्यांना चटकन न दिसणारा, पण तारांना जाणवणारा. अशा गिटारसाठी केलेल्या कॅपोच्या रबरी पट्टीला तेवढाच खोलगट बाक दिलेला असतो. नायलॉनच्या तारांच्या गिटारचा फ्रेटबोर्ड मात्र बहुधा अगदी सपाट असतो, आणि रुंदही. नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात त्या पट्टीपाशी, तो ५२ मिलिमीटरच्या आसपास भरतो, तर लोखंडी तारांच्या गिटारला हेच माप ४३ ते ४५ मिलिमीटर असते. आता खोलगट पट्टी सपाट जागेवर दाबून पाहा. तिच्या कडा आधी टेकतात, स्प्रिंगचा सारा जोर कडेच्या तारांवर उतरतो आणि मधल्या तारांपर्यंत पुरेसा दाब पोहोचतच नाही. कडेच्या तारा गरजेपेक्षा जास्त दाबल्या जाऊन ताणल्या जातात, म्हणून चढतात; मधल्या अर्धवट दाबल्या जातात, म्हणून खरखरतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारांखाली दोरा सरकवून आपण जी झणकार मुद्दाम मिळवतो, तिच्यासारखाच काहीसा प्रकार इथे नको असताना घडतो आहे.

याची खात्री घरीच करता येईल. शाळेच्या कंपासपेटीतली फूटपट्टी घ्या, तिची सरळ कड कॅपोच्या रबराला लावा आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहा. मधून उजेडाची बारीक फट दिसली तर पट्टी खोलगट आहे आणि तो कॅपो तुमच्या गिटारसाठी नाही. तो वाईट आहे असे मात्र समजू नका. लोखंडी तारांची गिटार वाजवणाऱ्या एखाद्या ओळखीच्या मुलाला तो देऊन टाका, त्याच्याकडे कदाचित उत्तम चालेल.

शेजाऱ्यांच्या काळजीबद्दल आधी लिहिते, कारण भावाची वस्तू बिघडण्याची भीती मनात असेल तर कोणताही कॅपो लावताना हात थरथरणारच. कॅपो मानेला दोन बाजूंनी चिमटीत धरतो. बार कॉर्ड धरताना तुमचे पहिले बोट आणि अंगठा नेमके हेच करतात. मान वाकवायची तर तिला एका दिशेने ओढावे लागते, आणि ते काम तारा रात्रंदिवस करतच असतात. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण ३८ ते ४० किलोच्या आसपास असतो, लोखंडी तारांचा ७० किलोच्या वर. कॅपोने त्या ओढीत नगण्य भर पडते. मानेवर परिणाम होतो तो वर्षानुवर्षांच्या या ताणाचा आणि आपल्या मुंबईच्या दमट हवेचा; पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते, त्यातच कित्येक नायलॉन गिटारींच्या मानेत आधाराची लोखंडी सळई नसते. गिटारची काळजी वाटत असेल तर ती भिंतीला टेकवून ठेवू नका, केसमध्ये ठेवा आणि केसमध्ये ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका. याचा उपयोग कॅपो टाळण्यापेक्षा कितीतरी जास्त होईल.

कॅपोमुळे खरी इजा होते ती वेगळ्या ठिकाणी. बऱ्याच वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रात्री कार्यक्रमाहून परत आल्यावर दमलेली असल्यामुळे मी कॅपो तसाच लावलेला ठेवून गिटार केसमध्ये बंद केली. सकाळी उघडली तेव्हा मानेच्या मागच्या पॉलिशवर रबराचा निस्तेज, थोडा चिकट पट्टा उमटला होता आणि कॅपोच्या रबरावर सहा तारांच्या सहा चिरा पडल्या होत्या. मानेवरचा पट्टा पुसल्यावर थोडा फिका झाला, पण पूर्ण गेला नाही. चिरा तर कायमच्या राहिल्या, आणि नंतर तो कॅपो लावला की तारा त्या जुन्या चिरांमध्येच घसरायच्या, जागा जरा बदलली तरी. जुन्या पद्धतीच्या नाजूक पॉलिशला, लाखेच्या किंवा सेल्युलोजच्या, रबराचा असा डाग लवकर पडतो. कारखान्यात बनलेल्या बहुतेक गिटारींवरचा कडक लेप याला बराच पुरून उरतो, पण तुमच्या भावाच्या गिटारवर कोणते पॉलिश आहे हे तुम्हाला पक्के ठाऊक नसेल तर ते नाजूक आहे असेच धरून चाला. वाजवून झाले की कॅपो काढायचा. या एका सवयीने निम्मी काळजी मिटते.

आता सरांचे म्हणणे. त्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांच्या बोलण्यात तथ्यही आहे. कॅपोच्या आधाराने कॉर्डची खरी नावेच कधी न शिकलेले वादक मी पाहिले आहेत. पेटीवाल्याने "कोमल निषादावर या" म्हटले की ते गोंधळतात. बार कॉर्ड शिकायलाच हवेत. पण कॅपो ही कुबडी आहे हे मला मान्य नाही, आणि त्याचे कारण तुमच्या कार्यक्रमातच बसलेले असेल. अनेक पेटीवादकांकडे स्केल चेंजर पेटी असते. पट्ट्यांचा सगळा संच सरकवायचा, बोटे नेहमीचीच ठेवायची आणि गायकाचा सूर गाठायचा. त्या वादकाला कुबडीवाला म्हणण्याचे आपल्या मनातही येत नाही. गायक बदलला की तंबोरा नव्या सुरात लावतो, त्यालाही आपण पळवाट म्हणत नाही. स्पेनच्या फ्लामेंको परंपरेत तर गायकाचा गळा पाहून गिटारवादक त्या दिवशी कोणत्या फ्रेटवर कॅपो लावायचा ते ठरवतात. तिथे त्याला सेहीया म्हणतात, आणि त्याचा जुना नमुना म्हणजे लाकडाचा तुकडा, मानेभोवती गुंडाळलेली तार आणि ती आवळायला व्हायोलिनसारखी एक खुंटी. पाको दे लुसिया यांच्यासारखा अफाट वेगाचा आणि ताकदीचा वादकही कॅपो लावून वाजवत असे. शिवाय एक निव्वळ सांगीतिक कारण आहे. काळी चारचा मेजर कॉर्ड बारने धरला तर सहाही तारा बोटाखाली अडकतात आणि एकही तार मोकळी घुमत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जी कॉर्डचा आकार धरला तर तीन तारा मोकळ्या राहतात, आणि भावगीताच्या संथ चालीखाली त्या ज्या गुंजतात त्याची भरपाई बार कॉर्डने होत नाही. म्हणून सरांना असे सांगा की बार कॉर्ड रोज दहा मिनिटे शिकेन, मनगट दुखू लागले की थांबेन, पण या कार्यक्रमासाठी कॅपो लावेन. सहा आठवड्यांत दुखरे मनगट घेऊन दोन तासांची साथ बारवर निभावण्याचा हट्ट तुम्ही धरू नये असे मला मनापासून वाटते.

तुम्ही कदाचित लक्षात न घेतलेली एक सोय सांगते. कॅपो एक फ्रेट पुढे सरकवला की स्वर अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीच्या लगतच्या पट्टीएवढा चढतो. जीच्या आकाराला पहिल्या फ्रेटवर काळी चार मिळते. आता काळी दोन पाहा: डीच्या आकाराला ती पहिल्याच फ्रेटवर मिळते! म्हणजे काकूंच्या गाण्यांना जीचे कुटुंब (जी आणि त्याच्या जोडीने येणारे कॉर्ड), त्या गृहस्थांच्या गाण्यांना डीचे कुटुंब, आणि कॅपो संध्याकाळभर एकाच जागी. डीच्या कुटुंबात बी मायनर येतो आणि त्याला बार लागतो, तेव्हा सरांचा धडा तिथे उपयोगी पडेलच. मायनर अंगाचे एखादे गाणे असेल तर काळी दोनसाठी डी मायनर पहिल्याच फ्रेटवर चालेल, काळी चारसाठी मात्र ई मायनरचा आकार घेऊन कॅपो चौथ्या फ्रेटवर न्यावा लागेल. अशी गाणी कार्यक्रमात लागोपाठ ठेवून घ्या, म्हणजे कॅपो एकदाच हलवावा लागेल. इतर वाचकांसाठीही सांगून ठेवते: काळी एकला सीचा आकार पहिल्या फ्रेटवर किंवा एचा चौथ्यावर, काळी तीनला ईचा दुसऱ्यावर किंवा डीचा चौथ्यावर, काळी पाचला एचा पहिल्यावर किंवा जीचा तिसऱ्यावर.

कॅपोची निवड इथून आपोआप सोपी होते. स्प्रिंगच्या कॅपोचा मोठा गुण म्हणजे तो एका हाताने, दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांमध्ये बदलता येतो. तुम्हाला ती घाई नाही. त्याचा मोठा दोष असा की त्याचा जोर स्प्रिंगच ठरवते, तुम्ही नाही. आणि तो जोर बहुधा गरजेपेक्षा जास्तच असतो, कारण कारखान्याला सगळ्या जाडीच्या माना एकाच स्प्रिंगने भागवायच्या असतात. स्क्रूने आवळायचा, किंवा खटका दाबून बंद होणारा पण ज्याचा दाब मागच्या स्क्रूने आधी ठरवून ठेवता येतो असा कॅपो तुमच्यासाठी योग्य. पाकिटावर क्लासिकल किंवा नायलॉन असे लिहिलेले असावे, पट्टी सपाट असावी आणि सहाही तारांवर पुरून कडेला थोडी उरावी, कारण वरच्या फ्रेटकडे मान रुंद होत जाते. शब, कायझर, जी-सेव्हन्थ, डी'अॅडॅरिओ या कंपन्या नायलॉनच्या गिटारसाठी वेगळे नमुने काढतात. पण कमी किमतीचा, सपाट पट्टीचा, स्क्रूवाला साधा कॅपोही तुमचे काम करील, आणि काही हजारांचा खोलगट कॅपो करणार नाही. इलॅस्टिक पट्ट्याचे कॅपो मी सुचवणार नाही. त्यांचा पट्टा आपल्या हवेत आणि घामात लवकर सैल पडतो.

शक्य असेल तर ऑनलाइन मागवू नका. दुपारच्या रिकाम्या लोकलने गिटार घेऊन दादरला किंवा धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांकडे जा, आणि दुकानात कॅपो लावून सहाही तारा एकेक करून छेडून पाहा. एकदम स्ट्रम करू नका, त्यात खरखर लपते.

लावण्याची पद्धत मी विद्यार्थ्यांना बोटाने शिकवते. पहिल्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या जरासे मागे, तर्जनीने तिसरी तार दाबा आणि दाब हळूहळू कमी करत जा. आवाज स्वच्छ यायला किती थोडे बळ पुरते ते पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. आता बोट मागे, दोन फ्रेटच्या बरोबर मध्ये आणा. तोच स्वच्छ आवाज यायला जास्त जोर लागतो, तार खाली दबते, ताणली जाते आणि स्वर चढतो. कॅपोचेही असेच असते. तो फ्रेटला समांतर, फ्रेटच्या मागे एक-दोन मिलिमीटरवर ठेवा. फ्रेटच्या पट्टीवरच चढवला तर आवाज दबतो. मग स्क्रू एवढाच आवळा की सहाही तारांची खरखर नुकतीच थांबावी. तिथेच थांबा. पुढचा प्रत्येक वळसा तुम्हाला फक्त बेसूर करील.

आधी गिटार कॅपोशिवाय सुरात लावून घ्या, मग कॅपो लावा आणि पुन्हा तपासा. कॅपो लावलेला असताना खुंटी पिळली तर तार रबराखाली अडकते, ताण पुढे सरकत नाही, आणि दुसऱ्या गाण्याच्या मध्यात तो अचानक सुटतो. म्हणून कॅपो सैल करा, खुंटी जराशी फिरवा, पुन्हा आवळा. पेटीचा सूर मात्र मोबाइलच्या ट्यूनरपेक्षा वरचढ मानायचा. ट्यूनर पांढरी सहाला ४४० हर्ट्झ धरतो; जुन्या पेट्या त्याच्या थोड्या वरखाली असतात आणि पेटी काही तुमच्यासाठी बदलणार नाही. तालमीच्या दिवशी पेटीवर पांढरी सहा धरायला सांगा, ट्यूनरवर तिचा आकडा पाहा आणि ट्यूनरचा मूळ स्वर तेवढा करून ठेवा.

काढतानाची काळजी थोडक्यात. कॅपो तारांवरून ओढत नेऊ नका, पूर्ण सैल करून उचला. ओढल्याने तारा आणि पॉलिश दोन्ही खरवडतात. स्प्रिंगचा कॅपो वापरणाऱ्यांनी तो चेहऱ्यापासून दूर धरून सोडावा आणि लहान मुलांच्या हातात देऊ नये, सुटला तर डोळ्याला लागू शकतो. पुष्कळ जण तो गिटारच्या डोक्याला अडकवून ठेवतात. नायलॉनच्या गिटारच्या डोक्यात मोठ्या खाचा असतात, त्यामुळे तिथे तो नीट बसत नाही आणि निसटून पडतो. रबर झिजून धातू उघडा पडला आहे का ते महिन्यातून एकदा पाहा. वाजवून झाल्यावर कॅपो कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर आपल्याकडे स्प्रिंग आणि स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात. बारा तारांच्या गिटारवाल्यांना जास्त दाबाचा खास कॅपो लागतो. इलेक्ट्रिकवाल्यांनी स्क्रूचा घेऊन अगदी हलका दाब द्यावा, त्या बारीक तारा लगेच चढतात.

सपाट कॅपो, योग्य जागा आणि माफक दाब यानंतरही एखादी तार चढीच राहू शकते. नायलॉनची तिसरी तार साध्या तारांमध्ये सर्वांत जाड असते आणि ती दाबल्यावर थोडी चढण्यासाठी प्रसिद्ध आहे. ती कानाने किंचित उतरवून ठेवा. पण आणखी एक तपासणी करा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून कॉर्ड सुरात येत असतील आणि कॅपो काढून तेच आकार पहिल्या दोन फ्रेटमध्ये धरल्यावर चढत असतील, तर दोष नटच्या खाचांमध्ये आहे, त्या उथळ आहेत आणि तारा तिथे उंच बसल्या आहेत. कॅपो लावला की नट बाजूला पडतो, म्हणून फरक कळतो. एफसारखा बार कॉर्ड धरताना दुखणाऱ्या तुमच्या मनगटाचेही हेच एक कारण असू शकते. तसे आढळले तर गिटार दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्या, कोणती तार कुठे चढते ते कागदावर लिहून द्या, आणि खाच घासायच्या आधी भावाला फोन करून विचारा. जास्त घासलेली खाच पहिल्यासारखी भरणे अवघड असते, बहुधा नवा नट बसवावा लागतो, आणि तो निर्णय त्याचा असायला हवा.